भंडारदऱ्याची वाट आणि जीपची चाके

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचा पूर्व भाग पावसासाठी आभाळाकडे डोळे लावून बसतो, तर पश्चिमेकडचे घाटघर-रतनवाडी आषाढात दिवसचे दिवस सूर्य पाहत नाही. गेल्या आषाढात चारसूत्री भातलावणीच्या प्रात्यक्षिकासाठी मी तिकडे गेलो. युरिया-डीएपीच्या गोळ्यांची पोती न्यायची होती, म्हणून पुतण्याची जीप घेतली.

पुतण्याने ती नुकतीच उंच करून घेतली होती. मूळचे साडेतीस इंची टायर काढून तेहतीस इंची, मोठ्या खाचांचे, चिखलाचे टायर घातले होते. त्यात एका चांगल्या दुभत्या गाईचे पैसे गेले. "काका, आता कुठेही अडणार नाही," असे तो मोठ्या अभिमानाने म्हणाला.

अकोले, राजूर करीत आम्ही शेंडीला पोचलो. प्रवरेवरचे १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदरा धरण धुक्यात बुडाले होते. पुढे जलाशयाच्या कडेने मुतखेल, रतनवाडी, साम्रद असा रस्ता. डोंगरातून पांढरे ओहोळ उतरत होते, खाचरांत आवणी चालली होती, इरली पांघरलेल्या बाया ओळीने वाकलेल्या. पाहून मन निवते. पण माझे लक्ष जीपकडे होते. आखूड वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवले की टायर मडगार्डला घासे. ओल्या डांबरावर ब्रेक लावला की गाडी जरा पुढे जाऊन थांबे. मोठे चाक जड असते, ते थांबवायला ब्रेकला जास्त कष्ट पडतात.

साम्रदच्या अलीकडे गाडी मुख्य रस्ता सोडून शेताच्या वाटेला लागली आणि रुतली. पुतण्याने रेस वाढवली तशी चाके जागच्या जागी फिरून आणखी खाली गेली. मग गाडी तिरकी सरकली आणि शेजारच्या खाचराचा बांध फुटला. नुकत्याच लावलेल्या आवणातले पाणी वाहू लागले. त्या क्षणी मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. शेतकऱ्याला चार गोष्टी सांगायला गेलेला माणूस, आणि त्याचाच बांध फोडून बसलो!

खाचराचे मालक सत्तरीचे असतील. ते रागावले नाहीत. फावडे आणून त्यांनी बांध सांधायला घेतला, आम्हीही हात लावला. मग जीपकडे बघून म्हणाले, "साहेब, हवा सोडा की थोडी. आमचा ट्रॅक्टरवाला सोडतो."

छत्तीस पौंड हवा होती, ती अठरावर आणली. टायर पसरला, जमिनीवर जास्त टेकला, आणि सावकाश रेसवर गाडी निघाली. म्हणजे गाय विकून जे साधले नव्हते, ते फुकटात साधले. मात्र जवळ पंप नव्हता. कमी हवेवर वेगात गेले तर टायर तापतो, रिमवरून निसटूही शकतो. म्हणून परतताना हवा भरायला मिळेपर्यंत बैलगाडीच्या चालीने यावे लागले.

तुमच्या घरातही एखादा मुलगा असाच हट्ट धरून बसला असेल, तर हा हिशेब त्याच्यापुढे मांडा. गाडी उंच केल्याने फक्त बॉडी वर जाते, डिफरन्शियलचा गोळा आहे तिथेच राहतो. तो टायरनेच वर जातो, आणि तोही वाढीच्या निम्मा. अडीच इंच मोठ्या टायरने उंची मिळते सव्वा इंच. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६५ ने धावत असते. इंजिनची ओढ घटते, डिझेल जास्त लागते. स्टेपनीही त्याच मापाची हवी. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ बांधणीत परस्पर फेरफार करता येत नाही. आधी आरटीओत आणि विमावाल्याकडे विचारावे.

टायर निवडताना आधी आपली जमीन पाहा. भातखाचराच्या चिखलाखाली घट्ट थर असतो. तिथे अरुंद चाक चिखल कापून त्या थरावर पाय रोवते. वाळूत रुंद टायर बरा. काळ्या चिकण मातीत बारीक खाचा लगेच भरून टायर गुळगुळीत होतो. तिथे रुंद खाचा हव्यात, आणि पाऊस पडून गेल्यावर एक दिवस थांबणे त्याहून चांगले. पण ज्याची गाडी रोज दुधाचे कॅन घेऊन डांबरावर धावते, त्याने सर्व वाटांना चालणारा ऑल टेरेन टायरच घ्यावा. २४५/७५ आर १६ च्या जागी २६५/७५ आर १६, म्हणजे सुमारे एक इंच वाढ, पुष्कळ झाली. तोही रिमला बसतो का आणि पूर्ण वळणावर घासत नाही ना, हे पाहूनच. उरलेल्या पैशांत हवेचा पंप, हवा मोजायचे मीटर, ओढायचा पट्टा आणि एक फावडे घ्या.

पुतण्याने पुढे ते टायर विकले. आवणी आटोपल्यावर आम्ही पुन्हा साम्रदला गेलो. सांधलेला बांध टिकला होता, आणि खाचरात पाणी उभे होते.