पाहुण्याची बादली

मासे पाळण्याइतका स्वस्त छंद दुसरा नाही, असं मला एका गृहस्थाने सांगितलं होतं. गृहस्थाचं माशांचं दुकान होतं, हे मी तेव्हा लक्षात घ्यायला हवं होतं.

वसईत मासा म्हटला की लोक आधी मसाला विचारतात. पाचूबंदरहून येणारी आमची कोळीण काचेच्या टाकीतल्या सोनमाशाकडे अशा धंदेवाईक नजरेने बघायची की आई घाईघाईने टाकीवर टॉवेल टाकी. हा सोनमासा नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेवटच्या वर्षात आणलेला. नाना गेले, मासा राहिला. दुपारी खुर्ची ओढून आई त्याच्याशी बोलत बसे. "तोंड उघडतो, मिटतो, बोलत काही नाही. अगदी ह्यांच्यासारखा!"

त्याला आणि टाकीतल्या दोघा जुन्यांना सोबत म्हणून मी एका रविवारी मुंबईहून आणखी दोन मासे आणले. विरार लोकलमध्ये माणसाला जागा मिळत नाही. पण हातातली पाण्याची पिशवी बघून लोक अंग चोरून उभे राहिले. इतक्या वर्षांच्या प्रवासात मला असा मान कधी मिळाला नव्हता. घरी येऊन पिशवी अर्धा तास टाकीत तरंगवली आणि मासे तिच्यातल्या पाण्यासकट आत सोडले. झाला गृहप्रवेश!

पाचव्या दिवशी सोनमाशाच्या अंगावर रवा शिंपडल्यासारखे पांढरे दाणे दिसले. हा एक सूक्ष्म परजीवी. तो माशाच्या कातडीखाली बसून जेवतो, तोवर औषध त्याला शिवत नाही. पोट भरलं की गळून तळाला चिकटतो आणि एकाचे शेकडो होतात. ही पिल्लं नवा मासा शोधत पोहायला लागली म्हणजेच औषधाच्या तावडीत सापडतात. हे सगळं मी नंतर वाचलं. औषधाने आणि हीटरने दोघे जुने वाचले. नानांचा मासा वाचला नाही.

आई काही बोलली नाही. चार दिवस बोलली नाही.

मी बँकेत आहे. अनोळखी चेक आला तर तो वटेपर्यंत आम्ही एक रुपया हातावर ठेवत नाही, समोरचा सुटाबुटात असला तरी! आणि घरी मात्र तोंडओळख नसलेल्या दोन माशांना मी सरळ तिजोरीत नेऊन सोडलं होतं.

दोन महिन्यांनी पुन्हा एक सोनमासा आणला, तो मात्र थेट न्हाणीघरातल्या मोठ्या बादलीत. खाली वाळू नाही, शोभेचा किल्ला नाही. जुन्या टाकीत आधीच मुरवलेला स्पंजचा फिल्टर तेवढा लावला. माशाच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात असतात. जाळी वेगळी, मग वेगळा, आणि बादलीतला थेंबही टाकीत जायचा नाही. मुदत चार आठवडे. त्या काळात आम्ही सगळे भिंतीला पाठ लावून आंघोळ करत होतो.

"चार आठवडे?" सौभाग्यवती म्हणाल्या. मी इतिहास काढला. १३७७ साली दुब्रोवनिकने साथीच्या गावांहून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर ठेवायचं ठरवलं. पुढे त्याचे चाळीस झाले आणि इटालियनमधल्या चाळीसावरून 'क्वारंटीन' हा शब्द आला.

"म्हणजे आपला सव्वा महिनाच की," आई आतून म्हणाली. "बाळंतिणीला ठेवतात तसा." दुब्रोवनिकचा विषय तिथेच संपला.

चिरंजीवांना मध्येच खाऱ्या पाण्याची टाकी आणि तीत प्रवाळ हवंसं झालं. प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ते बादलीत ठेवलं तर पुढचा सव्वा महिना मला कुठे ठेवतील ते सांगता येत नाही, असं मी समजावलं. तेव्हा कुठे एक बादली वाचली.

आई रोज सकाळी कालनिर्णयावर एक फुली मारी. एकविसाव्या दिवशी मीच म्हटलं, "ठणठणीत दिसतोय, सोडू या का?"

"गेल्या वेळीही ठणठणीतच होते ना रे?" ती म्हणाली. मी मग बाजूला ठेवला.

अठ्ठाविसाव्या फुलीला मासा टाकीत गेला. दुपारी बघतो तर आईने खुर्ची ओढलेली. नानांच्या नोकरीपासून सुरुवात झाली होती.