दहा मिनिटांची गच्ची

वाचकहो, मुलाने किंवा नातीने दिलेला मोबाईल आता आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती आहे आणि त्यात चांगला कॅमेराही आहे. तरीही पहिल्या पंधरवड्यात नातवंडे, तुळशीवृंदावन आणि देवघर टिपून झाले की हात थांबतो. ‘आता आणखी कशाचे छायाचित्र काढायचे?’ हा प्रश्न मला अनेक समवयस्कांनी विचारला आहे. छायाचित्र काढावयाचे तर कुठेतरी गेले पाहिजे, अशी समजूत त्यामागे असते. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, त्यांना ही समजूत विशेष जाचते, कारण त्यांचे कुठेच जाणे होत नाही. मी त्यांच्यापैकीच एक आहे.

आम्ही नांदेडजवळ विष्णुपुरीला राहतो. चार वर्षांपूर्वी माझ्या पतींना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाल्याने उजवा हात व पाय दुबळे झाले आणि वाचाही गेली. बहुतेकांच्या मेंदूत भाषेची केंद्रे डावीकडेच असतात. त्यामुळे उजव्या अंगाच्या पक्षाघाताबरोबर बोलणे हरपलेले रुग्ण पुष्कळ आढळतात. त्यांना आपण बोललेले बरेचसे समजते, परंतु नेमका शब्द ओठांवर येत नाही. ज्या माणसाने पाटबंधारे खात्यात उभी हयात नद्यांच्या नोंदी ठेवण्यात घालविली, गप्पांची ज्याला अतोनात हौस, त्याच्याजवळ ‘पाणी’, ‘नको’ आणि ‘अगं’ एवढेच शब्द उरले. घरात माणसे असूनही शांतता कशी वाढत जाते, हे अशा घरांतील वाचकांना मी सांगावयास नको.

आमच्या गच्चीवरून शंकर सागर जलाशयाची एक रुंद पट्टी दिसते. सकाळी सूनबाई त्यांच्याजवळ बसतात तेव्हा मी दहा मिनिटे वर जाते. खरे सांगायचे तर दिवसभरात तेवढीच दहा मिनिटे माझी असतात. प्रारंभी मी तेथे नुसती उभी राहत असे. पुढे मोबाईल नेऊ लागले आणि स्वतःला एक नियम घालून घेतला: जागा तीच, वेळ तीच आणि छायाचित्रे तीनच. खाली येऊन ती तीन त्यांच्यापुढे धरावयाची. त्यांनी डाव्या हाताने एकावर बोट ठेवावयाचे. ते ठेवावयाचे, बाकीची दोन पुसून टाकावयाची.

रोज तेच पाणी टिपून काय मिळणार, असे आपल्याला वाटेल. याचे उत्तर याच गोदावरीच्या उगमापाशी जन्मलेल्या माणसाने देऊन ठेवले आहे. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब, चित्रपटाकडे वळले तेव्हा अतिश्रमाने त्यांची दृष्टी काही काळ अधू झाली होती. उपचारांनी ती सुधारली. १९१२ साली त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण केले. ‘अंकुराची वाढ’ ही ती चिमुकली फीत. तिच्यात बी डोळ्यांदेखत फुटते आणि रोप वर येते. ती पाहून भांडवल देणारा माणूस मिळाला आणि पुढच्याच वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. मला या कथेत सर्वांत मोलाची वाटते ती कुंडी. फाळके कॅमेरा घेऊन विषयाच्या शोधात हिंडले नाहीत; त्यांनी कॅमेरा एका जागी ठेवला आणि विषयाला आपल्यासमोर वाढू दिले.

आमच्या पट्टीवरही तसेच घडू लागले. पौषात धुक्यामुळे पैलतीर नाहीसा होतो आणि मासेमाराची होडी हवेत तरंगल्यासारखी दिसते. उन्हाळ्यात पाणी मागे सरते, काठाचा गाळ भेगाळतो आणि टिटव्यांचा आरडाओरडा वाढतो. पाण्यातल्या खुंटावर पंख पसरून बसलेला पाणकावळा मी महिनाभर पाहिला. पोहून ओले झालेले पंख तो रोज त्याच खुंटावर वाळवितो. पुढे पुढे दृष्टी पाण्यावरून गच्चीवर उतरली: दोरीवरच्या धोतराची भिंतीवर हलणारी सावली, चैत्रात वाळत घातलेल्या कुरडया, टाकीच्या गळक्या तोटीपाशी येणारी साळुंकी. सूर्योदयाच्या छायाचित्रांनी आपणा सर्वांचे मोबाईल भरलेले आहेत आणि मला ती आताशा कंटाळवाणी वाटतात. यांनाही वाटत असावीत. एकदा लालभडक सूर्य बाजूला सारून त्यांनी धोतराची सावली निवडली आणि ओठांच्या एका कोपऱ्याने हसले.

श्रावण संपत आला होता, पोळा दोन दिवसांवर होता. त्या सकाळी जलाशयाचे पाणी रातोरात गढूळ, मातकट झाले होते. छायाचित्र पाहताच ते उठून बसण्याची धडपड करू लागले आणि काहीतरी बोलले. स्वयंपाकघरातून सूनबाईंनी विचारले, “बाबा पुरण म्हणाले का?” त्यांनी जोराने मान हलविली, पडद्यावरच्या त्या मातकट रंगावर बोट टेकविले आणि पुन्हा म्हणाले, “पूर्णा.” पूर्णा नदी परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते आणि तिचे पाणी पुढे आमच्याकडे येते. वर तिच्या खोऱ्यात पाऊस झाला असणार, हे त्यांनी रंगावरून ओळखले होते. दीड वर्षात त्यांच्या तोंडून आलेला तो पहिला नवा शब्द. त्यानंतर सगळे शब्द परत आले असे नाही. आजही मोजून बारा-तेरा आहेत. परंतु वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंना ही रोजची निवड आवडली. त्यांनी एकच सूचना केली: चित्र दाखविल्यावर आपण गप्प राहावे, शब्द आपणच पुरवून टाकू नये. हे वाटते तितके सोपे नाही, पाहा करून.

छायाचित्रणाचा वृद्धांच्या स्मरणशक्तीशी काय संबंध, याचा अभ्यासही झाला आहे. अमेरिकेत डॅलस येथील टेक्सास विद्यापीठात डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी ६० ते ९० वयाच्या स्त्री-पुरुषांना तीन महिने, आठवड्याला सुमारे १५ तास, काहींना डिजिटल छायाचित्रण तर काहींना गोधडीसारखे शिवणकाम शिकविले. नुसते एकत्र जमून वेळ घालविणाऱ्यांपेक्षा छायाचित्रण शिकणाऱ्यांच्या स्मरणात अधिक सुधारणा दिसली. हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. ती धडधाकट माणसे होती. त्यामुळे पक्षाघाताने गेलेली वाचा कॅमेऱ्याने परत येते, असा अर्थ कृपया काढू नये. त्याच वर्षी छापून आलेल्या लिंडा हेंकेल यांच्या प्रयोगात उलटी बाजूही दिसली: संग्रहालयातील वस्तूंचे छायाचित्र काढणाऱ्यांना त्या वस्तू नुसत्या पाहणाऱ्यांपेक्षा कमी आठवल्या. मात्र ज्यांनी वस्तूचा एखादाच भाग जवळून टिपला, त्यांच्या आठवणीत ही घट झाली नाही. म्हणून मी तीनच काढते, आणि जवळून काढते.

हात कापत असतील तर दोन्ही कोपरे बरगड्यांशी टेकवावीत, श्वास सोडावा आणि मग बाजूची कळ दाबावी. पडद्यावर बोट आपटण्यापेक्षा ते सोयीचे पडते. जिना चढता-उतरताना मोबाईल खिशात आणि हात कठड्यावर असावा. पडद्याकडे पाहत चालू नये, एवढे पाळले तरी पुष्कळ.

आणि एक कळकळीची विनंती. रुग्णाचे छायाचित्र त्याला विचारल्याविना काढू नये, काढलेच तर नातेवाइकांच्या गटात पाठवू नये. वाकडे झालेले तोंड किंवा नळी लावलेले नाक चारचौघांत जावे, असे कोणाला वाटेल? मी यांना विचारले तेव्हा ते स्पष्टपणे ‘नको’ म्हणाले. काही महिन्यांनी त्यांनी आपला उजवा हात डाव्या हाताने उचलून उशीवर ठेवला आणि मोबाईलकडे पाहिले. तेवढ्या हाताचे छायाचित्र माझ्याजवळ आहे. ते मी कोणाला दाखवीत नाही.

प्राग शहरात जोसेफ सुदेक नावाचे छायाचित्रकार होते. पहिल्या महायुद्धात त्यांचा उजवा हात गेला. १९४० पासून पुढे अनेक वर्षे त्यांनी आपल्या खोलीची एक खिडकी पुनःपुन्हा टिपली: दवाने धुरकट झालेली काच, पलीकडचे वाकडे झाड. ती चित्रे मी यांना दाखविली. बराच वेळ पाहून त्यांनी डावा हात पुढे केला, मोबाईल मागितला.

आता खाटेला आडवे लाकडी फळकूट बसविले आहे आणि त्यावर मोबाईल उभा राहतो. पंखा, खिडकीचे गज, थाळी घेऊन येणारी मी, बहुधा मस्तकाविना. गेल्या आठवड्यात त्यांनी तीन छायाचित्रे माझ्यापुढे धरली आणि खुणेने ‘निवड’ म्हटले. मी गजांच्या सावलीवर बोट ठेवले. ते म्हणाले, “नको.” त्यांना थाळीचे हवे होते.