‘पुट अप विथ’ आणि ‘खपवून घेणे’

‘ठेवणे’, ‘वर’ आणि ‘सह’ या अर्थांचे तीन साधे शब्द एकत्र येऊन ‘पुट अप विथ’ हे क्रियापद घडते. त्यांच्या बेरजेतून सोसण्याचा अर्थ मात्र कोणत्याही व्याकरणाने निघत नाही. परकीयांची सर्वाधिक अडचण अशाच जोडणीपाशी होते, हे जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत नोंदवले होते. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय नको, या नियमाची टर उडवणारे एक वाक्य चर्चिलच्या नावावर (पुराव्याशिवाय) खपवले जाते. त्यातला विनोद याच क्रियापदाचा आहे: ‘अप’ आणि ‘विथ’ पुढे ओढले, की क्रियापदच मोडून पडते.

मराठी अनुवादक येथे बहुधा ‘सहन करणे’ लिहून मोकळा होतो. पण ‘सहन करणे’ला वेदना लागते, अन्याय लागतो. ‘पुट अप विथ’ला गळका नळ पुरतो, नवऱ्याचे घोरणे पुरते. ‘चालवून घेणे’ वजनाने जवळचे. परंतु साखर नसली तर गूळ चालवून घेतात, माणसाला नव्हे. उरते ‘खपवून घेणे’. त्याची घडणही समांतर आहे. इंग्रजीत जे काम अव्यये करतात, ते मराठीत ‘घेणे’ हे दुसरे क्रियापद करते आणि क्रियेचे तोंड कर्त्याकडे वळवते. बाजारात माल खपतो, कामात माणूस खपतो, लढाईत माणसे खपतात. या साऱ्याची छाया ‘खपवून घेण्या’वर आहे.

अडचण निराळीच आहे. ‘खपवून घेणार नाही’ ही सत्तेची भाषा झाली. होकारार्थी वापरले, तर ‘तूच खपवून घेतेस’ असा ठपका सोसणाऱ्यावरच येतो. ‘ती त्याला कशी पुट अप विथ करते?’ या इंग्रजी प्रश्नात कौतुक असते, नवल असते, थोडी कीवही असते. दोषारोप सहसा नसतो. म्हणजे एखाद्या कादंबरीतील स्त्री ‘सहन करते’ म्हटले की बळी ठरते आणि ‘खपवून घेते’ म्हटले की भागीदार. मूळ लेखिकेने तिला दोन्ही ठरवलेले नसते. अनुवादातील हा दोष किरकोळ नव्हे. पात्राचा स्वभावच त्यामुळे पालटतो. ‘जमवून घेते’ लिहावे, तर तंटा मिटल्यासारखे वाटते. ‘पुट अप विथ’मध्ये तो मिटलेला नसतो, रोज सकाळी चहाबरोबर तो पुन्हा समोर येतो.