कळंब रोड

कुर्डुवाडीहून लातूरकडे निघालेल्या गाडीने येडशी सोडली, की ‘कळंब रोड’ नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. रेल्वेने ज्या गावाच्या नावापुढे ‘रोड’ लावले ते गाव तेथे नसते, हे जुन्या प्रवाशांना सांगावे लागत नाही. नवखा मात्र फलाटावर उतरून कळंब शोधू लागतो! ते अजून बरेच लांब, मोटारीच्या वाटेवर. ही मूळची बार्शी लाइट रेल्वे. १८९७ साली ती बार्शीपर्यंत आली आणि लातूर गाठायला तिला १९११ उजाडले. अडीच फुटी रुळांवरून डुलत चालणारी ती गाडी आता गेली. २००८ पासून रूळ रुंद आहेत. स्टेशनाचे नाव तेवढे तेच.

कळंबला माझी ताई असते. गेल्या कार्तिकात मी तिच्याकडे चार दिवस होतो. तिचा मुलगा चार वर्षे राज्यसेवेच्या परीक्षेचा अभ्यास करतो आहे. दोनदा मुलाखतीपर्यंत गेला, दोन्ही वेळा यादीत नाव नाही. बरोबरीचे मित्र दुकाने टाकून, लग्ने करून मोकळे झाले. घरात या विषयावर कोणी बोलत नाही. ताई भाकरी वाढताना ‘अजून एक घे’ म्हणते, त्यातच सारे आले.

एका सकाळी मी भाच्याला घेऊन मांजरेकडे निघालो. बीडच्या बालाघाटात उगम पावणारी ही नदी कळंबावरून पुढे धनेगावच्या धरणात शिरते. २०१६ च्या एप्रिलात ते धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच वर्षी पावसाळा सरता सरता ते भरलेही. मी वडीलकीच्या सुरात हे सांगू लागलो, तर पोरगा म्हणाला, “मामा, धरणाला पाऊस भेटला. मला काय भेटणार?”

खरेच होते. धरणाला वाट पाहण्यावाचून दुसरा उद्योग नाही. माणसाला तो दाखला लागू पडत नाही.

वाटेत रब्बी ज्वारीची शेते होती. एक म्हातारबुवा बैलजोडीमागे कोळपे धरून चालले होते. पीक जेमतेम गुडघ्याएवढे, पाने थोडी गुंडाळलेली. “वाढ थांबलेली दिसते,” मी म्हणालो.

“पाव्हणं, वरून काय कळतंय?” ते थांबले. “खाली चाललीय ती.”

या ज्वारीची गंमत अशी, की ती पेरतात पाऊस परतताना, आणि पुढचे सगळे दिवस ती काळ्या रानातल्या मुरलेल्या ओलीवर काढते. मुळे चार-पाच फूट खोल जातात. ओल तुटली, तर पाने गुंडाळून ती वाढ आवरते आणि ओल मिळताच पुन्हा चालू लागते. पण ती ओल टिकवायची कोणी? काळी माती सुकली की भेगाळते आणि भेगांतून ओल उडून जाते. म्हणून पीक निजल्यासारखे दिसते, नेमकी तेव्हाच कोळपणी चालू असते. तण जाते, भेगा बुजतात. कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे इकडे म्हणतात.

भाचा आतापर्यंत गप्प होता. त्याने विचारले, “आणि बाबा, कणीस भरलंच नाही तर?”

प्रश्न ज्वारीचा नव्हता, हे मला कळले. म्हाताऱ्यांना कळले की नाही, कोण जाणे.

“कडबा तर होतोय. जनावरं जगतात.” मग हात करून ते म्हणाले, “आन् ते बघा.” ज्वारीच्या ओळींमधून करडईची तासे गेली होती. “सगळं एकाच्या भरवशावर कोण टाकतंय?”

परत येताना भाचा म्हणाला, सकाळी दोन तास शाळेच्या मुलांना गणित शिकवायचे ठरवले आहे, अभ्यास सोडायचा नाही. पण हे आईला सांगितले नव्हते. ती म्हणेल, पोराने हाय खाल्ली.

“आज सांगतोस का?”

“जेवताना सांगतो,” तो म्हणाला.

मागे म्हातारबुवांनी बैल वळवले होते. कोळपे दुसऱ्या बांधाकडे चालले होते.