पाइपाचं पोट

मनगट आता साथ देत नाही, म्हणून यंदा हाताखाली एक पोरगा घेतला. हुशार आहे, पण पहिल्याच लिकेजला ग्राइंडर घेऊन चरात उतरला. मी त्याचा हात धरला. जुन्या नळयोजनांतले एसी, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे, पाइप अजून जमिनीत आहेत. पाइप अखंड असतो तोवर अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू सिमेंटात बांधलेला राहतो. चकती लागली की सुटतो आणि डोळ्यांना दिसतही नाही. छातीचं दुखणं वर यायला 20 ते 40 वर्षं लागतात. तोवर त्या चराशी त्याचा संबंध जोडणारं कोणी उरत नाही.

हातकरवतीने, पाणी सोडत कापायचं, हे कुठलाही जाणता फिटर सांगेल. माझा जीव अडकतो तो पाइपाच्या पोटाशी. वरच्या अंगावर पाणी आपोआप ओघळतं. पातं खाली पोचलं की धार मध्येच तुटते, काप कोरडा पडतो, आणि आपलं तोंड नेमकं त्याच उंचीला असतं. धार तुटते ती पाइपाला चिकटलेल्या मातीमुळे. आधी ओल्या फडक्याने अंग लख्ख पुसलं, पाण्यात चिमूटभर साबणाची पावडर टाकली, की धार पोटाला धरून खालपर्यंत येते. ओतणाऱ्याने नजर पात्यावर ठेवायची. कापातून राखाडी लगदा गळला पाहिजे. पिठासारखं काही उडालं की हात थांबवायचा. लगदाही वाळला की धूळच, म्हणून तो ओला असतानाच तुकड्यांसकट जाड प्लास्टिकात बांधायचा. रबर रिंगसाठी टोक घासायचं तेही ओलंच.

ठेकेदारांची माणसं रुमाल बांधून ग्राइंडर चालवतात, तुकडे रस्त्याकडेला टाकतात, आणि तिथेच पोरं खेळतात. याचा मला फार राग येतो. रुमालातून तंतू सहज आत जातो. सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याबद्दल 1995 साली निकाल दिला, पण चरात बसणाऱ्या रोजंदारीच्या माणसाला त्यातलं काही सांगणारा मला भेटला नाही. मी पोराला पी-100 गाळणीचा मास्क दिला आणि दाढी काढायला लावली, कारण दाढीवर मास्क घट्ट बसत नाही. तो रुसला, पण काढली.

वरचा काप आता तो छान घेतो. पोटाखालचा मी अजून देत नाही. त्याला सांगतो, तुझा हात बसू दे. खरं कारण वेगळं आहे. असा ओला, सरळ काप तालुक्यात दुसरा कोणी घेत नाही, हे लोकांच्या तोंडून ऐकायची मला चटक लागली आहे. मनगट ठणकतं, तरी ती सोडवत नाही.