ताईचा शालू

न्यू जर्सीला १९९१ साली भाचीचं बारसं झालं, त्यात ताईने नेसलेला शालू हिरवा की राणी, यावर दादाचं नि माझं अजून जमत नाही. ताई आता नाही. पुरावा एकच, तिने धाडलेली कॅसेट. ती इथे कायम काळी-पांढरीच दिसली!

अमेरिकेची पद्धत एनटीएससी: ५२५ रेषा, सेकंदाला सुमारे ३० चित्रं. आपली पाल: ६२५ रेषा, २५ चित्रं. रंगाची लहर तिकडे ३.५८ मेगाहर्ट्झची, इकडे ४.४३ ची. आमचा व्हीसीआर दोन्ही कॅसेटी वाजवायचा, पण जुना टीव्ही फक्त पालचा. त्याला चित्र समजे, रंग नाही.

परवा नातवाने तोच व्हीसीआर नव्या टीव्हीला जोडला. हा टीव्ही दोन्ही पद्धती जाणतो. तरी रंग नाहीच! मागे पाहिलं तर व्हीसीआरच्या पिवळ्या पिनेला आणि कंपोनंटच्या हिरव्या पिनेला मिळून एकच भोक. कंपोनंटमध्ये हिरव्या तारेतून नुसता उजेड-अंधार जातो, रंग निळ्या-लाल तारांतून येतो. टीव्ही तसंच समजून बसला होता. रिमोटवर ‘कंपोनंट’ऐवजी ‘एव्ही’ निवडलं आणि ताई रंगीत झाली. मला जरा वेळ काही बोलवेना.

एनटीएससीत छटा सरकते, म्हणून चेहरे माणसांसारखे दिसेपर्यंत टिंट हलवला. शालू हिरवा. दादा फोनवर म्हणतो, "टिंट चुकलाय तुझा." असो. फीत आणखी खराब व्हायच्या आत नातू तिची संगणकावर प्रत करतोय. दादा, तुझी पेनड्राइव्हवर पाठवते.