चेडू

गगनबावड्याचा घाट उतरून येणारा रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला तळेऱ्यात मिळतो. कोल्हापूरच्या बाई तेथे सून म्हणून आल्या, तेव्हा मराठीतील पदव्युत्तर पदवी त्यांच्या गाठीशी होती. जावेच्या बाळंतपणाची खबर सासूबाईंनी दिली : ‘चेडू झाला. बरा आसा.’ बाईंनी त्याच दिवशी माहेरी पत्र धाडले, ‘जाऊबाईंना मुलगा झाला.’

चूक कानाची होती. मालवणीत ‘तो इलो, ती इली, ता इला’ असा क्रम लागतो. घाटावर जो आकार पुल्लिंगाचा, तोच येथे नपुंसकलिंगाचा. आणि चेडू, म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी. सामान्यरूप चेडवा : चेडवाक, चेडवाचा. लेकरू, वासरू, पाखरू यांच्याच पंगतीतला हा शब्द. लहानग्या जीवाला नपुंसकलिंग देण्याची खोड प्रमाण मराठीलाही आहेच. जर्मनमध्ये मुलीचा ‘मेडशेन’ हा शब्द लघुत्वदर्शक प्रत्ययामुळे नपुंसकलिंगी होतो.

व्युत्पत्ती मात्र बाईंना अस्वस्थ करीत राहिली. संस्कृत ‘चेट’ म्हणजे दास. ‘मृच्छकटिका’त चेट आणि चेटी रंगमंचावर वावरतात. प्राकृतात ‘चेड’ झाला आणि दासाबरोबर पोर हाही अर्थ त्याला चिकटला. कोकणातल्या भुतांच्या यादीतला ‘चेडा’ही बहुधा याच घराण्यातला असावा. सांगितलेले काम करणारा तो दास, आणि घरात सांगितलेले काम पोरानेच करायचे! शब्द मात्र नेहमी खालीच उतरतात असे नाही. प्राचीन इजिप्शियन भाषेत ‘हेम’ असा उच्चारला जाणारा शब्द सेवकाचा वाचक. ‘हेम-नेचेर’ म्हणजे देवाचा सेवक, अर्थात पुरोहित. आणि त्याच लेखनाचा ‘हेम’ राजाच्या उल्लेखात ‘महाराज’ या अर्थी येतो. त्या भाषेला नपुंसकलिंग नव्हते. स्त्रीलिंगासाठी ‘त’ जोडला की ‘हेमेत’, दासी.

हे सारे बाई वर्गात रंगवून सांगत. घरात ते चालेना. त्यांची लेक मुंबईत नोकरीला, अविवाहित, पस्तिशी उलटलेली. आजी फोनवर विचारी, ‘चेडू जेवला?’ एकविसाव्या वर्षी लग्न झालेली चुलत बहीण केव्हाच ‘ती’ झाली होती. लेक म्हणाली, ‘मंगळसूत्राशिवाय या घरात स्त्रीलिंग मिळत नाही का?’

व्याकरणिक लिंग आणि प्रतिष्ठा यांचा संबंध नसतो, असे बाईंनी समजावले. ‘मग झील?’ लेकीने विचारले. ‘तो पाळण्यातही तोच असतो ना?’ या प्रश्नाला बाईंपाशी उत्तर नव्हते. लघुत्वाचा नियम मुलाला का लागू नाही, हे ‘लेकरू-पाखरू’च्या यादीतून निघत नाही. ‘ता’मधली माया खरी असते, हे लेकीलाही ठाऊक होते. तक्रार मायेविषयी नव्हतीच.

आजी अंथरुणाला खिळल्यावर लेक महिनाभर तळेऱ्यात राहिली. औषधे, डॉक्टर, कागदपत्रे सारे तिनेच पाहिले. एका संध्याकाळी ती नाक्यावर गेली असता आजीने डोळे उघडून क्षीण आवाजात विचारले, ‘ती खंय आसा?’ निदान बाईंना तसे ऐकू आले. उशाशी बसलेली जाऊ म्हणते, म्हातारी ‘ता’ म्हणाली. ‘आसा’ तिन्ही लिंगांना एकच. त्यामुळे उरलेल्या वाक्यावरून निर्णय करता येत नाही.